अंगणातली प्रेरी: मिडवेस्टमध्ये मधमाश्या-फुलपाखरांसाठी बाग कशी करावी

जुलैमध्ये आमच्याकडे कोणी जेवायला आलं, की घरात शिरण्याआधी मी त्यांना बाजूच्या वाफ्याकडे नेते, एका झाडाचं पान चुरगळते आणि वास घ्यायला सांगते. मराठी माणूस असेल तर लगेच म्हणतो, "अगं, हा तर ओवा!" झाड ओव्याचं नाही. ते वाइल्ड बर्गमॉट आहे, शास्त्रीय नाव मोनार्डा फिस्टुलोसा, तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं. ओव्याला ज्या थायमॉलमुळे वास येतो, ते थायमॉल याच्याही पानांत असतं. फिकट जांभळ्या, विस्कटलेल्या केसांसारख्या त्याच्या फुलांवर त्या वेळी दहा-बारा बंबलबी, म्हणजे गुबगुबीत, केसाळ मधमाश्या, लोंबकळत असतात. पाहुणे पान हातात धरून तिथेच थांबतात, आणि मग पहिला प्रश्न येतो: हे आमच्याकडे कसं करायचं?

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते. इथून जे सांगते आहे ते इलिनॉय, विस्कॉन्सिन, आयोवा, इंडियाना, मिनेसोटाचा दक्षिण भाग, मिझुरी अशा पट्ट्यात बऱ्याच अंशी लागू पडेल. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहत असाल तर पद्धत हीच, पण झाडांची यादी तिथली घ्या.

इलिनॉयला 'प्रेरी स्टेट' म्हणतात. प्रेरी म्हणजे इथलं गवताचं आणि रानफुलांचं माळरान. दोनशे वर्षांपूर्वी या राज्यात सुमारे 2 कोटी 20 लाख एकर गवताळ प्रदेश होता, म्हणजे राज्याचा निम्म्याहून जास्त भाग. गवतांची मुळं हजारो वर्षं जमिनीत वाढत आणि कुजत राहिली, त्यातून इथली काळी माती तयार झाली. आपल्याकडची काळी रेगूर बेसॉल्ट झिजून झालेली, ही गवताने केलेली. 1837 साली जॉन डिअरने इलिनॉयमध्येच पोलादी फाळाचा नांगर बनवला. चिकट मातीत तो अडकेना, आणि पुढच्या काही दशकांत प्रेरी मोडून मक्याखाली आणि गव्हाखाली गेली. आज या राज्यात चांगल्या अवस्थेतली मूळ प्रेरी जेमतेम एक शतांश टक्का उरली आहे. बहुतेक तुकडे जुन्या दफनभूमीत किंवा रेल्वे रुळांच्या कडेला वाचले, कारण तिथे नांगर फिरला नाही.

आणि तिच्यावर जगणारे कीटक? उत्तर अमेरिकेत मधमाश्यांच्या सुमारे चार हजार स्थानिक जाती आहेत. मध देणारी पाळीव मधमाशी त्यांत नाही, ती सतराव्या शतकात युरोपियन लोकांबरोबर आली. स्थानिक मधमाश्यांपैकी बहुतेक एकेकट्या राहतात, साधारण सत्तर टक्के जमिनीत बीळ करून आणि उरलेल्या पोकळ काड्यांत किंवा लाकडातल्या भोकांत. मिडवेस्टमध्ये एके काळी सर्रास दिसणारी रस्टी पॅच्ड बंबलबी 2017 साली धोक्यात आलेल्या प्रजातींच्या संघीय यादीत गेली. आपल्या घरामागची हिरवळ या जीवांच्या दृष्टीने उजाड आहे. तिचा एक कोपरा जरी परत दिला तरी ते येतात, आणि माझ्या अंदाजापेक्षा फार लवकर आले.

जागा आणि आकार

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवं. आठ तास असेल तर उत्तम. प्रेरीची झाडं सावलीत लांबट होऊन आडवी पडतात.

पाण्याचा निचरा पाहण्यासाठी फूटभर खोल खड्डा खणा आणि पाण्याने भरा. ते जिरल्यावर पुन्हा भरून किती वेळ लागतो ते बघा. काही तासांत जिरलं तर जमीन मध्यम किंवा कोरडी. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी असेल तर ओली जमीन समजा आणि ओलीत जगणारी झाडं घ्या. छताचं पाणी जिथे उतरतं तिथेही तीच चालतात. खणण्याआधी 811 ला फोन करा. गॅस, वीज, केबल कुठून जाते ते लोक येऊन रंगाने आखून देतात, पैसे लागत नाहीत.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या वर्षी 10 फूट बाय 10 फुटांच्या वर जाऊ नका. शंभर चौरस फुटांची खुरपणी नोकरी सांभाळून होते, चारशे फुटांची होत नाही. आमच्या ओळखीत दोघांनी एकदम मोठा तुकडा घेतला आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा लॉन टाकलं. लहान वाफा नीट जमला की त्याच झाडांच्या बियांवर पुढचा करता येतो.

आधी हिरवळ जाऊ द्या

या कामात सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. बागा फसतात त्या बहुतेक इथे. रोपं आणून लावायची घाई असते, आणि खाली केंटकी ब्लूग्रास, क्रीपिंग चार्ली, काटेरी थिसल, बाइंडवीड जिवंत असतात. प्रेरीचं रोप पहिली दोन वर्षं सगळी ताकद मुळांत घालतं, वर चार पानं दिसतात. तेवढ्या वेळात तण त्याला गिळून टाकतं.

मी पुठ्ठ्याची पद्धत वापरते. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये लॉन अगदी खालपर्यंत कापायचं. मग साधे तपकिरी पुठ्ठे, टेप आणि स्टेपल काढून, एकमेकांवर सहा इंच चढतील असे अंथरायचे. चकचकीत छपाईचे खोके नकोत. पाईपने चिंब भिजवायचे आणि वर चार-पाच इंच वाळलेली पानं किंवा लाकडाचा चुरा पसरायचा. ऑक्टोबरमध्ये सगळ्या गल्लीची पानं कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवलेली असतात, शेजाऱ्यांना विचारून मी तीच आणते. मे महिन्यापर्यंत खालचं गवत मेलेलं असतं, पुठ्ठा मऊ पडलेला असतो आणि खुरप्याने सहज भोक पडतं.

दुसरी पद्धत काळ्या प्लॅस्टिकची. एक पूर्ण उन्हाळा ताडपत्री अंथरून कडा दगडांनी दाबून ठेवायच्या. बी पेरणार असाल तर हीच बरी, कारण पेरणीला उघडी माती लागते आणि पुठ्ठा मध्ये आला की बी रुजत नाही. क्राउन व्हेच किंवा बाइंडवीड असेल तर एक हंगाम पुरत नाही, दोन घ्या. जिथे हे हट्टी तण फार आहे तिथे प्रेरी पुन्हा उभी करणारे जाणकारही तणनाशक मोजून-मापून वापरतात. तो निर्णय तुमचा. मी लहान जागेत त्याची गरज पडू दिली नाही.

रोटोटिलर, म्हणजे माती उलथणारं यंत्र, मात्र फिरवू नका. मातीत खाली वर्षानुवर्षं झोपलेलं तणाचं बी उजेडात येतं आणि आठवड्याभरात हिरवंगार उगवतं. खतही नको, कंपोस्टही नको. आपल्या हाताला सवय असते, नवीन वाफा म्हटला की शेणखत आठवतं. इथे ते उलटं पडतं: सुपीक मातीत तण माजतं आणि प्रेरीची झाडं गरजेपेक्षा उंच होऊन पहिल्या वादळात झोपतात.

कोणती झाडं

निवडताना दोन गोष्टी बघायच्या. एक, मे ते ऑक्टोबर कधीही वाफ्यात काही ना काही फुललेलं असलं पाहिजे. दोन, नुसता फुलांतला मध पुरत नाही, सुरवंटाला खायला पानंही हवीत.

सुरुवात मिल्कवीडपासून करा. मोनार्क फुलपाखराची मादी दुसऱ्या कशावर अंडी घालत नाही. मिल्कवीड हे आपल्या रुईच्या कुळातलं. मारुतीला जिच्या पानांचा हार घालतो त्या रुईवर आपल्याकडे प्लेन टायगर फुलपाखराचे सुरवंट वाढतात, आणि प्लेन टायगर व मोनार्क एकाच डॅनस वंशातले. पान तोडलं की तसाच पांढरा चीक येतो, आणि रुईच्या चिकाबद्दल आजी जे सांगायची तेच इथेही: डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. काम झालं की हात साबणाने धुवा, मुलांनाही सांगून ठेवा.

लहान वाफ्यासाठी बटरफ्लाय वीड, म्हणजे अ‍ॅस्क्लेपियस ट्यूबरोसा, सर्वांत सोयीचं. दीड-दोन फूट उंच, भगवी फुलं, पसरत नाही, कोरड्या जागेत खूश. ओल्या जागेत स्वॅम्प मिल्कवीड. मिल्कवीड हे 2017 पासून इलिनॉयचं अधिकृत रानफूल आहे. त्यातलं कॉमन मिल्कवीड मोनार्कला फार आवडतं, पण जमिनीखालून धावत जाऊन दहा फुटांवर डोकं काढतं. कुंपणाच्या कडेला मोकळी जागा असेल तरच लावा.

नर्सरीत लाल-पिवळ्या फुलांचं ट्रॉपिकल मिल्कवीड दिसेल आणि तुम्ही ते लगेच ओळखाल. कोकणात आणि देशावर वाटेच्या कडेला उगवणारं हळदीकुंकू ते हेच. मन ओढलं तरी ते सोडा. ते इथलं नाही. जिथे थंडी त्याला मारत नाही अशा दक्षिणेकडच्या राज्यांत ते वर्षभर हिरवं राहतं आणि त्यावर मोनार्कला होणारा एक परजीवी रोग साचत जातो.

अंडं बघायचं असेल तर जूनमध्ये मिल्कवीडचं कोवळं पान उलटं करा. टाचणीच्या डोक्याएवढा, सायीच्या रंगाचा ठिपका दिसतो. भिंगाने पाहिलं तर त्यावर वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेघा असतात. साधारण चार दिवसांनी टोक काळं पडतं. मग अर्ध्या तांदळाएवढा सुरवंट बाहेर येतो, आधी स्वतःचं कवच खातो आणि मग पानाला सुरुवात करतो. दोन आठवड्यांत तो करंगळीएवढा लांब होतो. त्याच पानांवर पिवळाधमक मावाही येतो. रुईवर येतो तोच हा. औषध मारू नका. फार झाला तर, जवळपास अंडी नाहीत हे बघून, पाण्याच्या धारेने उडवा.

आता 10 बाय 10 च्या वाफ्यासाठी मी सुचवते ती मांडणी. एका चौरस फुटाला एक रोप, म्हणजे शंभर रोपं. त्यांत पस्तीस गवतं: वीस लिटल ब्लूस्टेम आणि पंधरा प्रेरी ड्रॉपसीड. नवीन माणूस गवतं गाळून नुसती फुलं घेतो आणि मग सगळा वाफा कोलमडतो. गवतं उंच देठांना आधार देतात, मोकळी जागा भरून तणाला अडवतात, आणि स्किपर जातीची छोटी फुलपाखरं अंडी घालतात ती गवतावर. लिटल ब्लूस्टेम ऑक्टोबरमध्ये तांब्याच्या भांड्यासारखं लालसर होतं आणि बर्फातही उभं राहतं.

उरलेली पासष्ट अशी: गोल्डन अलेक्झांडर आठ, फॉक्सग्लोव्ह बिअर्डटंग आठ, बटरफ्लाय वीड आठ, पेल पर्पल कोनफ्लॉवर आठ, वाइल्ड बर्गमॉट पाच, व्होर्ल्ड मिल्कवीड पाच, मेडो ब्लेझिंग स्टार आठ, शोई गोल्डनरॉड पाच, स्मूथ ब्लू अ‍ॅस्टर दहा.

गोल्डन अलेक्झांडर मेमध्ये फुलतं. कोथिंबीर-गाजराच्या कुळातलं, पिवळ्या छत्रीसारखी फुलं, आणि ब्लॅक स्वॅलोटेलचे सुरवंट त्याची पानं खातात. जूनमध्ये बिअर्डटंगच्या पांढऱ्या नळ्यांत मधमाशी अख्खी आत शिरते, फक्त मागचे पाय बाहेर दिसतात. जुलै बर्गमॉट आणि कोनफ्लॉवरचा. ऑगस्टमध्ये ब्लेझिंग स्टार. त्याच्या जांभळ्या तुऱ्यावर मी एका दुपारी सात मोनार्क मोजले.

सप्टेंबर-ऑक्टोबरकडे जास्तच लक्ष द्या. नर्सऱ्यांत वसंतात गर्दी असते, त्यामुळे लोक त्या वेळी फुललेलं तेवढं उचलतात आणि शरद ऋतू कोरडा राहतो. नेमकं तेव्हाच वर्षातली शेवटची मोनार्क पिढी मेक्सिकोच्या मध्यभागातल्या डोंगरांकडे निघालेली असते, ओयामेल फरच्या जंगलात हिवाळा काढायला. वाटेत तिला मध हवा असतो. बंबलबीच्या नव्या राण्याही जमिनीत शिरण्याआधी पोट भरत असतात. काही मधमाश्या तर गोल्डनरॉड-अ‍ॅस्टरच्या कुळातल्या फुलांच्याच परागावर पिल्लं वाढवतात. गोल्डनरॉडने शिंका येतात हा समज इथे पक्का आहे, पण त्याचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्यावर उडत नाहीत. त्रास देतं ते त्याच वेळी फुलणारं रॅगवीड.

काय लावू नये तेही सांगते. कॅनडा गोल्डनरॉड आणि कप प्लांट दोन्ही इथलीच, दोन्ही कीटकांना प्रिय, पण लहान वाफा दोन-तीन वर्षांत ताब्यात घेतात. बिग ब्लूस्टेम सात-आठ फूट जातं. कंपास प्लांटची मुळं पंधरा फूट खोल जाऊ शकतात आणि पहिलं फूल यायला बरीच वर्षं लागतात. मोठी जागा असेल तर एक तरी लावा, नाहीतर लाइल गावात मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानाच्या शूलेनबर्ग प्रेरीत जाऊन बघा. 1962 पासून उभी केलेली ती प्रेरी ऑगस्टच्या सकाळी पाहिली की आपल्याला काय करायचं आहे ते डोळ्यांनी कळतं.

रोपं की बी?

शंभर-दोनशे चौरस फुटांसाठी रोपं घ्या. लहान खोल कप्प्यांतली 'प्लग' रोपं 38 किंवा 50 च्या ट्रेमध्ये मिळतात आणि मोठ्या कुंडीतल्या झाडांपेक्षा बरीच स्वस्त पडतात. स्थानिक झाडांच्या खास नर्सरीतूनच घ्या. मिनेसोटातल्या विनोनाची प्रेरी मून आणि विस्कॉन्सिनची प्रेरी नर्सरी घरपोच पाठवतात. वाइल्ड वन्स (Wild Ones) या संस्थेच्या स्थानिक शाखा आणि फॉरेस्ट प्रिझर्व्ह, म्हणजे इथली राखीव जंगलं सांभाळणारी खाती, वसंतात विक्री भरवतात. नावाच्या पुढे अवतरणात आणखी एखादं नटवं नाव असेल तर ते सुधारित वाण असतं. दुहेरी पाकळ्यांचं कोनफ्लॉवर दिसायला भरगच्च, पण त्यात पराग नावालाच असतात. आणि मोठ्या दुकानातून घेणार असाल तर विचारा: रोपांवर निओनिकोटिनॉइड वापरलं आहे का? हे कीटकनाशक झाडाच्या आत भिनतं, परागात आणि मधात उतरतं. ज्यांच्यासाठी बाग करायची त्यांनाच विष द्यायचं, असं होतं ते.

मोठ्या जागेला बी परवडतं. पेरणी थंडीच्या तोंडावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करा. प्रेरीच्या बहुतेक बियांना ओलसर थंडीत पडून राहिल्याशिवाय जाग येत नाही, हिवाळा ते काम फुकट करतो. बारीक बी ओलसर वाळूत मिसळून आधी उभं आणि मग आडवं फोका, म्हणजे सगळीकडे सारखं पडतं. मातीने झाकू नका, पायाने दाबा. ज्यांना घरात रोपं करायची आहेत त्यांनी मिल्कवीडचं बी ओल्या वाळूत कालवून बंद पिशवीत महिनाभर फ्रिजमध्ये ठेवावं. पिशवीवर नाव लिहा.

इथे एक कळकळीची विनंती. भारतात जाताना हे बी आईच्या बागेसाठी बॅगेत टाकू नका. काँग्रेस गवत अमेरिका खंडातलंच. 1950 च्या दशकात ते पुण्याच्या आसपास दिसलं आणि आज ते कुठे नाही? पुण्याच्या टेकड्यांवर पिवळा-केशरी कॉसमॉस कसा पसरला आहे तेही आपण बघतो आहोत. तिथल्या माळरानाला तिथलीच फुलं हवीत.

लावणी

शेवटचा फ्रॉस्ट आमच्याकडे मेच्या मध्यापर्यंत येऊ शकतो, म्हणून मी मदर्स डे उलटला की लावायला घेते. जूनच्या मध्यापर्यंत चालतं. पुढची संधी सप्टेंबर. जमीन वाफशावर असावी: मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावलं की फुटावा.

आधी सगळी रोपं ट्रेमधून न काढता जागेवर मांडून बघा. एका जातीची तीन-पाच रोपं जवळजवळ ठेवा. मधमाशी एका फेरीत एकाच जातीची फुलं धरते, पुंजका तिला सोपा जातो, आणि बघणाऱ्यालाही वाफा मुद्दाम केलेला वाटतो. उंच झाडं मागे किंवा मधोमध, गवतं सगळीकडे पसरून. मग पुठ्ठ्याला भोक पाडून रोपाच्या मातीएवढाच खड्डा करा. रोपाची मान जमिनीच्या पातळीला येऊ द्या, खोल गाडू नका. दोन्ही हातांनी घट्ट दाबा आणि लगेच पाणी द्या. प्रत्येकापाशी नावाची पट्टी रोवा आणि वरून फोटो काढून ठेवा.

तो फोटो मी पहिल्या वर्षी काढला नव्हता. जूनअखेर एका रविवारी मी मन लावून खुरपणी केली, आणि संध्याकाळी बादलीतल्या ढिगात लांब कप्प्याच्या आकाराची घट्ट मुळं दिसली. प्रेरी ड्रॉपसीडची सहा रोपं मी लॉनचं गवत समजून उपटली होती. लिटल ब्लूस्टेमची खूण तेव्हापासून पाठ आहे: बुंध्याशी काडी बोटांत धरली तर चपटी लागते आणि निळसर दिसते. ड्रॉपसीडचं पान केसासारखं बारीक, कारंजासारखं चारी बाजूंना पडणारं.

सशांचा बंदोबस्त त्याच दिवशी करा. कोवळे अ‍ॅस्टर आणि ब्लेझिंग स्टार ते एका रात्रीत जमिनीलगत कुरतडतात. दोन फूट उंच कोंबडीजाळी वाफ्याभोवती पहिला उन्हाळाभर ठेवली की पुरते, पुढे झाडं त्यांना पुरून उरतात.

पहिली तीन वर्षं

इथले जुने बागकाम करणारे सांगतात: पहिल्या वर्षी झोपतं, दुसऱ्या वर्षी रांगतं, तिसऱ्या वर्षी उडी मारतं. अगदी तसंच होतं.

पहिला उन्हाळा पाणी आणि खुरपणीचा. पाऊस धरून आठवड्याला इंचभर पाणी मिळालं पाहिजे. रोज शिंपडू नका, आठवड्यातून एक-दोनदा खोल भिजवा म्हणजे मुळं खाली उतरतात. खुरपणी दर आठवड्याला अर्धा तास, तण फुलायच्या आधी. पाऊस पडून गेल्यावर सोपं जातं. बी पेरलं असेल तर उपटत बसू नका, त्यात आपलीच रोपं निघतात. त्याऐवजी वाढ फूटभर झाली की सहा-आठ इंचांवर कापत राहा. तणाला बी धरता येत नाही आणि खालच्या रोपांना ऊन मिळतं. पहिल्या वर्षी ती कापणीच्या पातळीपर्यंत पोचतच नाहीत.

दुसऱ्या वसंतात नांग्या भरा, म्हणजे जिथे रोप मेलं तिथे नवं लावा. मात्र मेच्या शेवटापर्यंत थांबा. बटरफ्लाय वीड फार उशिरा जागं होतं, मेलं समजून लोक तिथेच खणतात. आणि ते रुजल्यावर हलवूही नका, त्याचं सोटमूळ तुटतं. या वर्षी बर्गमॉट आणि अ‍ॅस्टर फुलतील, कोनफ्लॉवर कदाचित नाही. पाणी आता फक्त दुष्काळात. बर्गमॉटच्या पानांवर ऑगस्टमध्ये भुरी येते, पांढरी पीठ सांडल्यासारखी. तिला काही करायचं नसतं.

तिसऱ्या वर्षी खरोखर उडी असते. आमच्याकडे तोवर झाडं एकमेकांना टेकली, माती दिसेनाशी झाली आणि खुरपणी महिन्यातून एकदा उरली.

डासांसाठी अंगणात फवारणी करणाऱ्या कंपन्यांना या तीन वर्षांत आणि पुढेही नाही म्हणा. त्यांच्या औषधाने डासांबरोबर मधमाश्या आणि सुरवंटही मरतात. साचलेलं पाणी दर आठवड्याला ओतून दिलं तर डासांचा मोठा भाग तिथेच आटोक्यात येतो.

शेजारी आणि पालिका

दुसऱ्या वर्षी आम्हाला पालिकेचं पत्र आलं: तुमच्या आवारात तण ठरलेल्या उंचीपेक्षा जास्त वाढलं आहे. मला फार लागलं, कारण त्या आठवड्यात वाफ्यात मोनार्कचे अकरा सुरवंट होते. मी झाडांची यादी, शास्त्रीय नावं आणि फोटो घेऊन गेले. अधिकाऱ्याने येऊन पाहिलं आणि विषय मिटला. पण आधीच काळजी घेतली असती तर पत्र आलंच नसतं.

म्हणून लावण्याआधी गावाचा नियम वाचा. अनेक ठिकाणी गवताला आठ-दहा इंचांची मर्यादा असते, पण लावलेल्या बागेला ती लागू नसते. मिनेसोटात 2023 च्या कायद्याने शहरांना अशा सांभाळलेल्या नैसर्गिक बागांना परवानगी द्यावी लागते. घरमालकांची संघटना असेल तर तिच्याकडून लेखी घ्या. वाफ्याभोवती दीड-दोन फुटांची लॉनची पट्टी कापलेली ठेवा, कडेला दगड किंवा विटा लावा, पुढच्या रांगेत गुडघ्याच्या खालची झाडं ठेवा आणि एक छोटी पाटी लावा. कॅन्सस विद्यापीठातला मोनार्क वॉच हा उपक्रम नोंदणी केलेल्या बागांना 'मोनार्क वेस्टेशन'ची पाटी देतो. आमच्याकडे ती लागल्यापासून फिरायला जाणारे थांबून वाचतात, आणि पलीकडच्या आजोबांनी माझ्याकडून बर्गमॉटचे दोन गड्डे नेले.

हिवाळा आणि वसंतातली कापणी

ऑक्टोबर संपला की हात आवरा. वाळलेलं सगळं तसंच उभं राहू द्या. गोल्डफिंच कोनफ्लॉवरच्या काळ्या बोंडांतून बी टोकरून खातात. बंबलबीची राणी पानांच्या थराखाली मातीत झोपलेली असते, म्हणून पानंही वाफ्यातच. दिवाळीची साफसफाई घराच्या आत करा.

मूळ प्रेरीला वणवा लागत असे. इथले आदिवासी समाज शतकानुशतकं ती मुद्दाम जाळत आले, आणि राखीव प्रेरींत आजही प्रशिक्षित लोक परवानगी काढून जाळतात. घराच्या अंगणात ते करायचं नाही. आपण कात्री वापरायची.

कापणी एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला, दुपारचं तापमान सलग काही दिवस 50 अंश फॅरनहाइटच्या वर राहू लागलं की. जमिनीलगत कापू नका. बर्गमॉट, गोल्डनरॉड, अ‍ॅस्टर, कोनफ्लॉवर यांच्या काड्या आठ ते चोवीस इंचांवर, काही आखूड, काही लांब अशा कापा. काडीत राहणाऱ्या छोट्या मधमाश्यांना हे उघडं टोक लागतं. या वसंतात कापलेल्या काडीत त्या उन्हाळ्यात घर करतात आणि पिल्लं पुढच्या वसंतात बाहेर येतात, म्हणजे खुंट किमान वर्षभर हलवायचे नाहीत. वरचे तुकडे कोपऱ्यात सैलसर रचून ठेवा, त्यांत आधीच कोणी झोपलेलं असू शकतं.

मागच्या जूनमध्ये बर्गमॉटच्या एका खुंटाच्या टोकावर मला लाकडाच्या पिठासारखा बारीक भुगा दिसला. वाकून पाहिलं तर काडीच्या मधोमध गोल भोक, आणि त्यातून मुंगीएवढ्या निळसर-काळ्या मधमाशीची पाठ हलत होती. आतला गाभा ती तोंडाने कोरून मागे ढकलत होती. दोन आठवड्यांत नवी पालवी वर आली आणि सगळे खुंट त्यात झाकून गेले.